बोंग-सिम मावशीचा अख्खा पडदा

मोकपोच्या बाजारात आजही शपथेवर सांगणारे लोक भेटतील, की बोंग-सिम मावशीने वरच्या पीसी-बांगमधला, म्हणजे तासाच्या भाड्याने संगणकावर खेळू देणाऱ्या दुकानातला, मॉनिटर उपसला, डोक्यावर घेतला आणि भर बाजारातून ब्योनभाऊंच्या फोटो स्टुडिओत नेला, ‘ह्याच्या आत जे आहे त्याचा फोटो काढा’ म्हणून. मासळीवाल्या तर ती कशी चालत होती तेही करून दाखवतात. मान ताठ, एक हात वर, आणि मागे वायर शेपटीसारखी लोळतेय.

हे साफ खोटं आहे. मॉनिटर जागचा हलला नाही. मावशीने ब्योनभाऊंनाच उचलून आणलं.

आता ही वेळ का आली ते सांगायला हवं.

मावशीचं दुकान बाजाराच्या तोंडाशी आहे. ताटाची डावी-उजवी बाजू विकते ती: तीन तऱ्हांची किमची म्हणजे कोबी-मुळ्याचं आंबट-तिखट लोणचं, सोया सॉसमध्ये काळी कुळकुळीत शिजवलेली कमळकाकडी, तिखटगोड परतलेली बोटभर सुकी मासळी. हातात कोपरापर्यंत गुलाबी रबरी मोजे, डोक्यावर घट्ट कुरळ्या केसांचा गड्डा, आणि आवाज असा की समोरच्या गल्लीतला कुत्रा उठून जागा बदलतो. गिऱ्हाईक म्हणालं, “मावशी, थोडं जास्त घाल ना,” तर ती म्हणणार, “जास्त घालते, पण मग उद्या कमी आवडलं म्हणून तोंड वाकडं करायचं नाही.” आणि मूठभर जास्त घालणार.

दोन वर्षांपूर्वी तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. अंथरुणावर पडल्या पडल्या तिला टीव्हीवर यो सान-हो दिसला. अंगात चमचमता कोट, गालाला खळी, आणि जुन्या ठेक्याची रडवी गाणी अशी म्हणणार की ऐकणाऱ्याने रडता रडता टाळ्या वाजवाव्यात. मावशी सांगते, “गुडघा डॉक्टरने बसवला, पण चालायला मला त्याने लावलं.” तेव्हापासून दुकानात कमळकाकडीच्या पातेल्यावर त्याचा फोटो. वाफेने त्याला दर आठवड्याला सुरकुत्या पडतात आणि मावशी नवा लावते.

सान-होच्या चाहत्या बायकांचं एक मंडळ आहे, ‘पोवळं’ नावाचं, कारण सान-हो म्हणजे पोवळं. सगळ्यांचं पोवळ्याच्या रंगाचं बिनबाह्यांचं जाकीट. ह्या शरद ऋतूत क्वांगजूला त्याचा कार्यक्रम होता, आणि मोकपो शाखेची बस जाणार होती. मावशीला त्या बसमध्ये जागा हवी होती. नुसतं कार्यक्रमाला जायचं नव्हतं तिला. तिची मुलगी हे-रिम सोलला नोकरीला आहे, ती म्हणाली होती, “आई, मी तिकीट काढते, रेल्वेने जा, आरामात.” मावशी म्हणाली, “आरामात मला दवाखान्यातही नेलं होतं.” बस म्हणजे शाखेच्या बायका, उकडलेली अंडी, तांदळाचे चिकट लाडू, आणि शहर मागे पडलं की खुर्चीचा पट्टा सोडून मधल्या वाटेत नाच. पण बसमध्ये जागा फक्त पक्क्या सभासदांना. आणि मावशी अजून कच्ची होती.

कच्च्याचं पक्कं करणं हे होंग-रान ताईच्या हातात.

होंग-रान ताई शाखेची प्रमुख. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला तिचं लोकरीचं दुकान आहे. ती साधं बोलतच नाही. इमारतीच्या भोंग्यातून सकाळी सूचना येतात ना, तशी बोलते. आधी एक खाकरणं, मग “भगिनींना कळवण्यात येतं,” मग एक थांबा, आणि मग तुम्ही आजवर काय काय चुकीचं केलंत ते. तिने मंडळाच्या गटावर नियम टाकला होता: सान-होचं नवं गाणं संगणकावर लावायचं आणि ते वाजत असताना पडद्याचा स्क्रीनशॉट पाठवायचा. पडदा अख्खा हवा. गाणं, तारीख, कोपऱ्यातलं घड्याळ, सगळं दिसलं पाहिजे. कापलेलं चालणार नाही. मोबाइलने काढलेला फोटो चालणार नाही. आणि सगळ्यात शेवटी, ठळक अक्षरांत: मुलाबाळांकडून करून घेतलेलं आढळल्यास नाव कायमचं कापलं जाईल.

हे शेवटचं वाक्य उगीच नव्हतं. शाखेतल्या निम्म्या बायका मुलांना फोन करून सगळं करून घेत आणि मग गटावर मिरवत. होंग-रान ताईला हे ठाऊक होतं. पण पुरावा मिळत नव्हता.

हे-रिमने नियम वाचला आणि म्हणाली, “आई, तुझा पासवर्ड सांग. दोन मिनिटांचं काम आहे.”

“दोन मिनिटांचं आहे तर मीच करते,” मावशी म्हणाली, आणि जिना चढून पीसी-बांगमध्ये आली.

ह्या आमच्या पीसी-बांगमध्ये शाळा सुटली की ओळीने आम्ही पोरंपोरी. प्रत्येकाच्या कानाला हेडफोन, समोर गोळीबार, आणि बाजूला क्वाकशेठने आणून ठेवलेला रामेन नूडल्सचा वाडगा. क्वाकशेठ मालक. तो सतत नुकताच झोपेतून उठल्यासारखा दिसतो, आणि खरं तर तसंच असतं. मावशी दारात आली की आधी लसणाचा वास यायचा, मग मावशी. क्वाकशेठने पहिल्याच दिवशी तिच्या कीबोर्डावर स्वयंपाकघरातलं पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळलं.

“हे कशाला?” मावशीने विचारलं.

“तुमच्या बोटांचं तिखट गेलं तर पुढच्या पोराचे डोळे जातील, मावशी.”

“मग तो बघून खेळायला शिकेल.”

पहिल्या दिवशी मावशीने काय केलं, तर गाणं लावलं, खिशातून मोबाइल काढला आणि पडद्याचा फोटो घेऊन पाठवून दिला. नियमात स्पष्ट मनाई होती. पण मावशीचं म्हणणं असं की फोटो म्हणजे फोटो, होंग-रानला काय कळतंय कशाने काढला. होंग-रान ताईचं उत्तर लगेच आलं: “भगिनी बोंग-सिम यांना कळवण्यात येतं. चित्रात सान-हो यांच्या डोक्यावर कोबी दिसतो. खुलासा करावा.”

मावशीने चष्मा वर-खाली करून पाहिलं. पडद्याच्या काचेत तिचंच डोकं उमटलं होतं, बरोबर सान-होच्या कपाळावर.

पोरं खुर्च्यांवरून घसरली. मावशी हसली नाही. तिला खरंच लागलं होतं. कोबी म्हटल्याचं नव्हे. कोबी तिने आयुष्यभर विकलाय. पण ती म्हणाली, “तिला वाटतं मला येणार नाही.” आणि तरातरा खाली उतरली.

परत आली ती ब्योनभाऊंना घेऊन. ब्योनभाऊंनी पासपोर्टपासून साठीपर्यंत सगळ्या मोकपोचे फोटो काढलेत. मावशीने त्यांना जेवणावरून उठवलं होतं. एका हातात तिपाई, एका हातात दिव्याची छत्री, आणि ओठाला भाताचं शीत. दोन ओळींच्या मधे त्यांनी तिपाई रोवली, छत्री उघडली, आणि समोरच्या सान-होला सवयीने म्हणाले, “हनुवटी जरा खाली घ्या.”

“तो ऐकत नाही हो, भाऊ,” मावशी म्हणाली.

“सगळेच म्हणतात तसं,” ब्योनभाऊ म्हणाले, आणि दिवा मारला.

लख्ख उजेड. मागच्या ओळीतली तीन पोरं गेममध्ये त्याच क्षणी मेली आणि त्यांनी जे शब्द काढले ते इथे लिहिता येणार नाहीत. फोटोत सान-होच्या छातीवर दुपारचा सूर्य उगवला होता. ब्योनभाऊ म्हणाले, “चेहरा उत्तम आलाय.” होंग-रान ताई म्हणाली, “भगिनींना कळवण्यात येतं, सूर्यसुद्धा चालणार नाही.”

तर मॉनिटर डोक्यावर घेतल्याची जी कथा आहे, तिच्या मुळाशी ही तिपाई आहे. परत जाताना ती मावशीने डोक्यावर घेतली होती, कारण ब्योनभाऊंची कंबर धरली.

मग क्वाकशेठला दया आली, किंवा त्याला दिव्याची भीती बसली. त्याने कीबोर्डावरची वरच्या कोपऱ्यातली एक कळ दाखवली. “मावशी, ही दाबा. झालं.”

मावशीने कळ दाबली. काहीच झालं नाही. मावशी उठली आणि गल्ल्याशेजारच्या प्रिंटरपुढे जाऊन हाताची घडी घालून उभी राहिली. बराच वेळ उभी होती. वाडगे उचलायला आलेल्या क्वाकशेठने विचारलं, “मावशी, काय हवंय?”

“माझं येतंय ते घेते.”

“काय येतंय?”

“तूच म्हणालास कळ दाबा, झालं. कळीवर ‘प्रिंट’ लिहिलंय, म्हणजे छापायचंच नाव आहे, आमच्या हे-रिमने सांगितलं फोनवर.”

“ती कागदावर नाही छापत, मावशी. चित्र आत जातं.”

“आत कुठे?”

क्वाकशेठने छताकडे पाहिलं. “आत म्हणजे... असंच. दिसत नाही ते. मग दुसरीकडे जाऊन चिकटवायचं.”

“दिसत नाही ते चिकटवायचं,” मावशी हळूहळू म्हणाली. “क्वाकशेठ, तुझं लग्न कसं झालं रे?”

मावशी परत येऊन बसली. कळ दाबली, सोडली. पुन्हा दाबली. पडद्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या मोज्यांकडे पाहिलं, आणि अचानक तिच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं की शेजारच्या पोराने हेडफोन काढला.

“बरणी,” ती म्हणाली.

“काय?”

“बरणी आहे रे ती. कळ दाबली की बरणीत भरलं जातं. झाकण बंद, म्हणून दिसत नाही. मग ताट घ्यायचं आणि ताटात काढायचं. एवढं सोपं होतं तर आत जातं, हवेत जातं, असं काय बरळत होता हा?”

क्वाकशेठ म्हणाला, “फक्त एक आहे, मावशी. दुसऱ्यांदा दाबलं की आधीचं जातं.”

“एकच चित्र मावणारी बरणी?” मावशीला धक्का बसला. “आणि लोक विकत घेतात हे?”

पण एकदा बरणी सापडल्यावर मावशी कुणाला आवरेना. तिने कोऱ्या चित्राच्या खिडकीत सान-हो ओतला आणि तो दिसल्याबरोबर दोन्ही हातांनी टेबल बडवलं. मग हवामानाच्या पानाचा काढला. मग रामेन मागवायच्या पानाचा, अंडं घातलेला आणि न घातलेला, वेगवेगळे. कचऱ्याच्या डब्याच्या चित्राचा काढला, ‘हा सगळ्यांच्या पडद्यावर असतो, कोणी त्याला विचारत नाही’ म्हणून. चार दिवस ती दुकान पुतणीच्या गळ्यात टाकून वर येऊन स्क्रीनशॉट काढत होती. पोरांसाठी डब्यातून मुळ्याची किमची आणायची आणि रामेनच्या वाफेत सगळी ओळ तिचं कौतुक करायची. कुणी म्हणालं, “मावशी, माझा स्कोअर काढ ना,” की ती त्याच्या खांद्यावरून वाकून कळ दाबायची. वाकताना हेडफोनची वायर ओढली जायची, पोरगा मरायचा, आणि स्क्रीनशॉट त्याच्या मरणाचा निघायचा. तो ती त्याला छापून द्यायची.

पक्क्या सभासदांची यादी शनिवारी संध्याकाळी सहाला बंद होणार होती. मावशीने मुद्दाम शनिवारच राखून ठेवला. पाच वाजता आली, मोजे काढले, हात दोनदा धुतले, पोवळ्याच्या रंगाचं जाकीट अंगात चढवलं. कुणी बघणार नव्हतं, पण तिचं म्हणणं, सान-होच्या समोर बसायचं तर नीट बसावं. गाणं लावलं. कोपऱ्यातलं घड्याळ दिसतंय ना ते पाहिलं. तारीख पाहिली. बाजूला हे-रिमशी गप्पांची खिडकी उघडी होती, कारण मुलगी दर दोन मिनिटांनी विचारत होती, जमलं का, जमलं का. ‘जमेल’ असं मावशीने लिहिलं, आणि कळ दाबली. बरणीतून ताटात काढलं. नाव दिलं. गटावर पाठवलं.

पाठवलं, आणि खुर्चीत मागे रेलून डोळे मिटले. गाणं संपत आलं होतं. सान-हो शेवटचा सूर ओढत होता.

तेवढ्यात फोन वाजला.

“आई,” हे-रिम म्हणाली, “तू काय पाठवलंस?”

“अख्खा पडदा.”

“हो. अख्खाच पाठवलास. आपली खिडकी पण आहे त्यात.”

मावशीने चष्मा लावला. डावीकडे सान-हो, खळीसकट. खाली गाण्याचं नाव. कोपऱ्यात तारीख आणि घड्याळ, स्वच्छ. आणि उजवीकडे, मोठ्या अक्षरांत, कारण मावशीला बारीक दिसत नाही, ‘जमलं का’च्या वर थोड्या वेळापूर्वीच्या गप्पा:

‘होंग-रानने केस पुन्हा कुरळे केलेत.’

‘कसे दिसतात?’

‘जास्त उकळलेल्या रामेनसारखे.’

‘आई, जपून. ती बसमध्ये तुला शेजारी बसवेल.’

‘नको. झोपली की घोरते. मागच्या वेळी म्हणे ड्रायव्हरला वाटलं गिअर अडकला.’

गटावर संदेशाशेजारी एक आकडा असतो, किती जणींनी अजून पाहिलं नाही ते सांगणारा. मावशीच्या डोळ्यांदेखत तो घसरत चालला होता, बायका एकामागून एक उघडून बघत होत्या, आणि एकही काही बोलत नव्हती. अशी शांतता त्या गटावर कधी झाली नव्हती. सान-होला सर्दी झाली तेव्हाही नव्हती.

“काढून टाक, आई,” फोनमधून हे-रिम सांगत होती. “लगेच. मी सांगते कसं.”

मावशी म्हणाली, “काढून टाकलं तर यादीत काय राहील?” आणि फोन ठेवला. तिचे कान लाल झाले होते. बस तिच्या डोळ्यांसमोरून अंड्या-लाडवांसकट निघून चालली होती. सहाला वीस मिनिटं होती.

एव्हाना सगळ्या ओळीला कळलं होतं. आमच्यातल्या काहींनी खेळ थांबवले, आणि ही साधी गोष्ट नव्हे. मी तिच्या मागेच उभी होते. मी म्हणाले, “मावशी, गेली तुझी बस. आता ती तुला मंडळातूनच काढेल.”

मावशीने वळून पाहिलं. “लावतेस पैज?”

“लावते. जो हरेल त्याच्या कपाळावर टिचकी.”

“लागली,” मावशी म्हणाली. आवाजात जोर होता, पण हाताने ती जाकिटाची कड चुरत होती.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एकेक पायरी मोजून. क्वाकशेठने काहीतरी पुसायला घेतलं. दार उघडलं आणि होंग-रान ताई आत आली, हातात मोबाइल, डोक्यावर ते केस. सगळ्यांनी केस पाहिले आणि सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं. एका पोराच्या वाडग्यात रामेन होतं, त्याने त्यावर झाकण ठेवलं.

होंग-रान ताई खाकरली. “उकळलेलं रामेन,” ती म्हणाली.

“जास्त उकळलेलं,” मावशी म्हणाली. “लिहिलंय तसं वाच, ताई.”

“ड्रायव्हरला काय वाटलं म्हणे?”

“गिअर अडकला असं. त्याने गाडी बाजूला घेतली होती, बसमधल्या सगळ्यांनी पाहिलंय.”

होंग-रान ताईने मोबाइल वर धरला. “असलं चित्र साठ बायकांना पाठवायला लाज नाही वाटली?”

“वाटतेय की,” मावशी म्हणाली. “कान बघ माझे. पण नियम तुझा. अख्खा पडदा हवा म्हणालीस. पडद्यावर जे होतं ते अख्खं आहे. गाणं आहे, तारीख आहे, घड्याळ आहे. माझ्या चुगल्या पण आहेत. आता ह्यातलं एवढंच काप, तेवढंच ठेव, असं तू म्हणणार असशील तर नियम बदल. मी पुन्हा काढते, मला येतं आता.”

होंग-रान ताई मोबाइलकडे पाहत राहिली. दोन बोटांनी चित्र मोठं केलं. घड्याळ पाहिलं. तारीख पाहिली. मग गप्पा पुन्हा वाचल्या, ओठ हलवत. तिच्या तोंडाचा कोपरा थरथरला. आधी वाटलं ती रडणार.

“भगिनींना कळवण्यात येतं,” ती म्हणाली, आणि थांबली. नेहमीचा थांबा नव्हता. तिला श्वास घ्यावा लागत होता. “शाखेकडे आजवर आलेल्या सगळ्या चित्रांबद्दल मला संशय आहे. सगळी नीटनेटकी, कापलेली, सजवलेली. पोरांच्या हातची. पण हे...” तिने मोबाइल आमच्याकडे फिरवला. “जगातली कुठली मुलगी आपल्या आईच्या नावाने हे पाठवेल? आहे का कोणी अशी कार्टी?”

पुसता पुसता क्वाकशेठने नकारार्थी मान हलवली.

“म्हणजे हे हिनेच केलं. स्वतःच्या हाताने. ह्या शाखेत खात्रीने स्वतः केलेलं एवढंच आहे.” तिने तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवर काहीतरी टिचटिच केलं, आणि मावशीच्या पडद्यावर तिच्या नावापुढे पोवळ्याचं छोटं चिन्ह आलं. पक्की.

मावशी पडद्याकडे वळली. तिने कळ दाबली. त्या चिन्हाचा स्क्रीनशॉट घेतला.

“आणि,” होंग-रान ताई म्हणाली, आता पुन्हा पूर्ण भोंग्यात, “बसमध्ये माझ्या शेजारची जागा. खिडकीची मला.”

“कानात घालायला कापूस आणते,” मावशी म्हणाली.

“अंडी आण. आणि ती मासळी आण, तिखटगोड. कापसाने काय होणार, ड्रायव्हरला ऐकू गेलं होतं.” आणि मग होंग-रान ताईला हसू आवरलं नाही, ती क्वाकशेठच्या गल्ल्याला धरून हसली, तिचे केस हलत होते, आणि ते खरोखरच तसेच दिसत होते.

ती जिना उतरून गेल्यावर मावशी खुर्चीतून उठली. जाकीट नीट केलं. आतल्या कपड्याची उजवी बाही वर सारली. पन्नास वर्षं लसूण सोललेली, मुळे पिळलेली, बरण्यांची झाकणं उघडलेली बोटं होती ती. मधलं बोट अंगठ्याखाली अडकवून तिने ते एकदा हवेत सोडून पाहिलं, नेम कसा आहे बघायला.

“मावशी, हळू,” मी म्हणाले.

“हळूच,” मावशी म्हणाली. “कपाळ पुढे कर.”

मी डोळे मिटले. टिचकी बसली, आणि सगळ्यात शेवटच्या ओळीतल्या पोराने हेडफोन काढून विचारलं, “काय फुटलं?”